एक्केचाळिसावं घर

वहिनी लग्न होऊन या घरात आली तेव्हा घरातल्या प्रत्येक गोष्टीला आधीच धनी होता. स्वयंपाकघर सासूबाईंचं, पुढच्या खोलीतली खुर्ची सासऱ्यांची, माडीवरची खिडकी नणंदेची. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा. त्याचं सगळं जग डोळ्याला लावायच्या भिंगात मावायचं, त्यात बायकोने शिरायचं कुठे? उरला परसातला कोपरा. तिथे फुटकी कौलं, गंजके पत्रे आणि मांजरांची पिढीजात वस्ती. वहिनीने तो एकटीने उपसला, तेव्हा तुतीच्या झाडाखाली एक सपाट दगड निघाला. तेव्हापासून सकाळची कामं उरकली की ती त्या दगडावर बसून देवाचं नाव घ्यायची. पुढे सासू गेली, सासरे गेले, घर भावाबहिणीच्या नावावर झालं. वहिनीचं नाव कुठल्याच कागदावर चढलं नाही आणि तिने कधी कुरकुरही केली नाही. आपला पत्ता देवाला ठाऊक आहे, एवढं तिला पुरे होतं.

नणंद जिल्ह्याच्या नियोजन कार्यालयात. आता गावाच्या दुसऱ्या टोकाला वेगळी राहायची. हातात कायम आखायची पट्टी, म्हणून सगळं गाव तिला ‘रेघ’ म्हणे. पाच गावं एका वाटेने जोडायची, हा तिचा ध्यास. मोटारींना मज्जाव, बाकी पायी जा, सायकलने जा, म्हाताऱ्यांना चाकाच्या खुर्चीत न्या, वाटलं तर घोड्यावर बसा. जुन्या मालगाडीचा रूळ काढलेला भराव होताच, तो फक्त सांधायचा होता. निधी राजधानीतून मिळणार होता, पण अट कडक होती. वाट सलग हवी आणि जिथून जाईल तिथल्या प्रत्येक मालकाची लेखी संमती हवी. एक सांधा निखळला की पाचही गावांच्या हाती भोपळा.

रेघेने चाळीस घरांचे उंबरठे झिजवले. कुणी दारातूनच हाकललं, कुणाच्या कुत्र्याने पोटरी धरली. तरी गोड बोलून तिने सगळ्यांच्या सह्या मिळवल्या. फक्त दादा-वहिनीच्या घरामागचा भराव ओढ्याने खाल्ला होता, म्हणून तिथे तिने नकाशावरची रेघ आत घेतली. परसातून, तुतीखालून, थेट. आणि तिथे विचारायला ती गेलीच नाही. घरचंच तर आहे!

वहिनीला हे कळलं शाळेतल्या जाहीर सभेत, भिंतीवरच्या नकाशासमोर. दूधवाल्याची बायको कोपराने ढोसत म्हणाली, “वहिनी, तुमच्या तुतीखाली बाक टाकणार म्हणे!”

वहिनी उठली आणि तडक नकाशापाशी गेली.

“हा हिरवा ठिपका कसला गं?”

“विसाव्याची जागा, वहिनी.”

“कुणाच्या विसाव्याची?”

मागून कुणीतरी खिदळलं. रेघ हळूच म्हणाली, “आपण घरी बोलू.”

“घर आहे हे आठवलं का आता? चाळीस घरी गेलीस, एक्केचाळिसावं दिसलं नाही?”

“घरचंच आहे म्हणून…”

“कामवालीलासुद्धा विचारतात, बाई उद्या येणार का म्हणून. घरची म्हणते देवा देवा, बाहेरचीला चोळी शिवा!”

सभा हसली. रेघेच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

संध्याकाळी ती संमतीचा कागद घेऊन आली आणि वहिनीकडे न बघता तिने तो भावापुढे ठेवला. “दादा, सही कर. मुदत उद्या संपते.”

दादाने भिंग काढलं, पेन उघडलं. वहिनी शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “करा की. पण माझं ताट कुठे मांडायचं, तेही त्या नकाशावर काढून घ्या.”

“पाच गावं ताटकळली आहेत एका दगडासाठी!” रेघ कडाडली.

“दगड दिसला तुला. त्यावर रोज बसणारी नाही दिसली.”

“नाव तरी आहे का तुझं या घरावर?”

दादाने पेनाला टोपण लावलं.

“तिचं नाही ना? मग माझंही नको,” एवढंच म्हणून त्याने भिंग पुन्हा डोळ्याला चढवलं.

रेघ दार आपटून गेली. रात्रीत तिने वाट कुंपणाबाहेरून, ओढ्याच्या काठाने वळवली. तिथे जमीन भुसभुशीत, त्यामुळे लाकडी फळ्यांचा पूल आला. पुलाने एवढा निधी गिळला की डोंगरावरच्या वाडीला जाणारा फाटा रद्द झाला.

त्या वाडीची भाजीवाली आठवड्यातून दोनदा टोपली घेऊन डोंगर उतरायची. ती वहिनीच्या दारावरून पुढे निघून जाऊ लागली. वहिनीने हाक मारली तर म्हणाली, “आमची वाट तुमच्या तुतीला अडकली, बाई. देव बघतो आहे.”

“बघू दे. माझ्याही कोपऱ्यात तोच बघतो,” वहिनीने ठणकावलं. पण त्या दिवशी दगडावर बसल्यावर नाव ओठांवर येईना. डोळे मिटले की टोपलीच दिसायची. मग ती जपाआधी वाडीसाठी हात जोडू लागली. दगड मात्र सोडला नाही.

वाट सुरू झाली. रेघ रोज सकाळी सायकलने कामावर जायची आणि नेमकी तुतीसमोर आली की घंटा बडवायची. एकदा नाही, कुंपण संपेपर्यंत. वहिनी डोळे मिटूनच पुटपुटायची, “आली भवानी.” सुंभ जळला तरी पीळ जाईना, दोघींचाही.

एके दिवशी घंटा वाजलीच नाही. वहिनीने एक डोळा उघडला. मग दुसरा. जप तिथल्या तिथे अडला. शेवटी चरफडत उठून ती कुंपणाशी गेली. पलीकडे फळ्यांवर सायकल उलटी ठेवलेली आणि रेघ उकिडवी बसलेली. दोन्ही हात वंगणाने काळेकुट्ट.

“घंटा मोडली वाटतं?” वहिनी म्हणाली.

“साखळी उतरली.”

“मग चढव लवकर. देव खोळंबलाय माझा.”

“मी धरून ठेवलंय का त्याला?” म्हणत रेघ आधारासाठी कुंपणाला हात घालणार, तोच वहिनी ओरडली, “खबरदार! कालच रंग दिलाय.”

तिने खांद्यावरचं फडकं काढून पलीकडे भिरकावलं. “हे घे, पूस. आणि धुऊन दे. तशीच काळी चिंधी परत करशील.”

रेघेने हात पुसले, साखळी चढवली आणि फडकं सायकलच्या टोपलीत टाकून निघाली. पुलाच्या टोकाला जाऊन तिने घंटा वाजवली, रोजच्यापेक्षा जोरात.

“मेलीला रीत म्हणून नाही,” म्हणत वहिनी दगडावर येऊन बसली आणि अडलेलं नाव पुढे सुरू झालं.