पिवळी गाडी आणि पायाखालचा ब्रेक

आमच्या भाऊजींच्या ड्रायव्हिंगच्या शिकवणीत पहिल्या दिवशी गाडी सुरूच होत नाही. बिघडलेली असते म्हणून नव्हे (तशी ती बऱ्याचदा बिघडलेलीही असते), तर भाऊजीच सुरू करू देत नाहीत. नवा विद्यार्थी स्टिअरिंगला असा घट्ट धरून बसलेला असतो, की जणू सोडलं तर ते पळून जाईल. भाऊजी शेजारच्या सीटवर आरामात टेकतात, किल्ली स्वतःच्या मुठीत ठेवतात आणि विचारतात, "लहानपणी कोणती गाडी हवी होती?"

माणूस चक्रावतो. इथे आपण जीव मुठीत धरून बसलोय आणि हे काय विचारतात! मग त्याला आठवायला लागतं. आठवता आठवता तो हसतो, आणि हसला की स्टिअरिंगवरचे हात आपोआप सैल पडतात. हात सैल पडले की भाऊजी किल्ली देतात. शिकवण्याची त्यांची हीच पद्धत आहे.

रोज संध्याकाळी चहाबरोबर आम्हाला ही उत्तरं ऐकायला मिळतात. बँकेतल्या एका कडक मॅनेजरबाईंना रोड रोलर हवा होता. एका दातांच्या डॉक्टरला शववाहिनी, का तर तिला कुणी मागून हॉर्न मारत नाही. मी लग्न होऊन या घरात आले आणि भाऊजींकडे शिकायला बसले, तेव्हा मलाही विचारलं होतं.

"कचऱ्याची गाडी," मी म्हटलं. "मागच्या पायरीवर उभं राहून, एका हाताने लटकत जायचं होतं मला."

नवीन सुनेचं हे उत्तर ऐकून दुसरा कुणी खो खो हसला असता. भाऊजींनी गंभीरपणे मान हलवली. "म्हणजे तुम्हाला भीती वेगाची नाहीये, वहिनी. लोक काय म्हणतील याची आहे. धरा किल्ली."

प्रत्येक विद्यार्थी उलटून तोच प्रश्न त्यांना विचारतोच. त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "पिवळी. दोन दारांची, जमिनीला चिकटलेली. येतेच आहे."

हे "येतेच आहे" माझ्या लग्नाच्याही आधीपासून चाललं होतं.

त्या पिवळ्या गाडीची जन्मकथा सासूबाई सांगतात. भाऊजी लहान असताना न्हाव्याच्या दुकानात आरशाच्या बाजूला एका जुन्या मासिकातलं पान चिकटवलेलं होतं. त्यावर ती गाडी होती. नाक जमिनीला टेकल्यासारखं, पाठ मांजरीसारखी, रंग असा की डोळे दिपावेत. हा मुलगा महिन्यातून चारदा "आई, केस वाढले" म्हणत दुकानात जाऊन बसायचा. न्हावी ओरडायचा, "लांबून बघ, हात लावायचा नाही!" म्हणून तो हात पाठीमागे बांधून उभा राहायचा. शेवटी न्हाव्यानेच ते पान सोलून काढलं आणि सासूबाईंच्या हातात आणून दिलं. "ताई, हे घेऊन जा आणि पोराला आवरा. आता कापायला डोक्यावर काही उरलं नाही."

ते पान भाऊजींच्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने लावलेलं आहे. भाऊजी शर्ट घ्यायला कपाट उघडतात तेव्हा रोज दिसतं. इतक्या वर्षांत तो पिवळा रंग फिकट होत होत जवळजवळ साईच्या रंगावर आला आहे.

भाऊजींनी लग्न केलं नाही. कारण विचारलं तर "गाडीत दोनच सीटा असतात" म्हणून उडवून लावतात. घरात त्यांची एकच खोड आहे. शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाखाली जादा ब्रेक बसवलेला असतो. त्या ब्रेकने त्यांच्या पायात कायमचं घर केलंय. सासूबाई कपात चहा ओतताना कप काठोकाठ भरायला आला, की टेबलाखाली भाऊजींचा उजवा पाय दाबला जातो. आमचे हे मोठ्या आवाजात वाद घालायला लागले तरी तेच. पाहुण्यांच्या गाडीत ते कधी पुढे बसत नाहीत. "माझा पाय त्यांच्या गाडीचा तळ फोडेल," म्हणतात.

असं सगळं ठीक चाललेलं असताना शिकवणीच्या गाडीने मान टाकली. गॅरेजवाला तिच्या पोटाखालून सरपटत बाहेर आला, हात पुसत म्हणाला, "मास्तर, आता हिला शिकवणीला नेऊ नका. आता हिला निवृत्त करा."

आणि त्याच आठवड्यात भिंतफोड्याचा फोन आला.

हा भिंतफोड्या म्हणजे भाऊजींच्या इतिहासातला सर्वांत नाठाळ विद्यार्थी. पहिल्याच धड्यात त्याने लॉन्ड्रीवाल्याची भिंत पाडली होती. भाऊजींनी ब्रेक दाबला होता, पण याने त्याच वेळी घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवर इतका जोर लावला की ब्रेकही शरमला. इतर कुणी त्याला परत गाडीत घेतलं नसतं. भाऊजींनी आधी त्याला बरोबर घेऊन भिंत बांधून दिली, मग शिकवणी पुन्हा सुरू केली. आता त्याचं जुन्या गाड्या विकायचं दुकान आहे.

"मास्तर, तुमची पिवळी आली आहे," तो फोनवर म्हणाला. "तीच. दोन दारांची. आज संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय, त्याआधी या."

फोन ठेवून भाऊजी कुणाकडेही न बघता बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. पेच काय होता ते आम्हा सगळ्यांना कळत होतं. आयुष्यभर बाजूला टाकलेल्या पैशांत एकच गाडी येणार होती. एकतर पिवळी, नाहीतर शिकवणीसाठी नवी. पिवळी घेतली तर शिकवणी बंद. मग दुसऱ्या कुणाच्या तरी ड्रायव्हिंगच्या शाळेत पगारावर जायचं. तिथे किल्ली मुठीत धरून प्रश्न विचारायला वेळ देतात होय?

हे म्हणाले, "अरे, त्या गाडीत आईला बसवायचं तर क्रेन मागवावी लागेल."

"मला नका मध्ये घेऊ," सासूबाई म्हणाल्या. "मी घरी बसेन. घे रे बाळा ती. जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक मारत आलास. एकदा तरी स्वतःसाठी चालव."

"शाळेचं काय मग?" भाऊजींनी आतूनच विचारलं.

"शाळेचं शाळा बघेल. जा आधी. बघून तर ये. वहिनीला घेऊन जा बरोबर, नाहीतर तू दारातूनच परत येशील."

म्हणून मी गेले.

दुकान म्हणजे एक लांबलचक शेड. धुतलेल्या काचांच्या गाड्या ओळीने उभ्या होत्या आणि सगळ्यांच्या पुढे ती. चित्रातली गाडी वर्षानुवर्षं फिकट होत गेली होती, ही मात्र होती तशीच राहिली होती. मला गाड्यांतलं फारसं कळत नाही, पण खरं सांगते, माझ्याही तोंडून "अगं बाई!" निघून गेलं.

भिंतफोड्या हातातला चहा तसाच ठेवून धावत आला. पोट सुटलंय, डोळ्यांवर चष्मा आलाय. "मास्तर! ओळखलंत?"

"भिंतीला कोण विसरेल?"

भाऊजी गाडीभोवती एक फेरी मारून आले. मग दुसरी. दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. भिंतफोड्या म्हणाला, "हात लावा की मास्तर, चावत नाही ती." त्याला न्हाव्याची गोष्ट माहीत नव्हती. मला माहीत होती, म्हणून मी दुसरीकडे बघितलं.

मागे एक सीट होती म्हणे. हातरुमाल ठेवायला बरी. मी त्यात आडवी होऊन, गुडघे हनुवटीला लावून बसले. भिंतफोड्या किल्ली घेऊन आला, मोठ्या अदबीने चालकाचं दार उघडून वाकला, आणि तसाच राहिला. चालकाची सीट रिकामी होती. मास्तर शेजारच्या सीटवर पट्टा लावून तयार. उजवा पाय खाली काहीतरी चाचपत होता.

"मास्तर... चालवणार तुम्ही ना?"

भाऊजींनी खाली पाहिलं. त्यांचे कान लाल झाले. "सवय," ते पुटपुटले आणि उतरून पलीकडे गेले. मी हसायला तोंड उघडलं होतं, ते मिटून घेतलं.

मग त्यांनी गाडी काढली. एकाच घरात इतकी वर्षं राहून मी या माणसाला स्वतःसाठी गाडी चालवताना पाहिलंच नव्हतं! बाजारातून सायकलवाले, हातगाड्या यांच्या मधून त्यांनी ती अशी नेली, जशी सुई कापडातून जाते. गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी पाय दाबला. मी सीटच्या पाठीवर आदळले. इंजिनाचा आवाज पोटात घुमला. खिडकीतून झाडं नुसती हिरवी रेघ होऊन पळत होती. आणि भाऊजी? आरशात त्यांचा चेहरा दिसत होता. महिन्यातून चारदा केस कापायला जाणारा मुलगा कसा दिसत असेल, ते मला तेव्हा कळलं. अभिमानाने माझा ऊर भरून आला. म्हटलं, घेऊ दे त्यांना. शाळा गेली खड्ड्यात.

थोड्या वेळाने त्यांनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली. हात मात्र स्टिअरिंगवरच होते.

"काय झालं मास्तर? काही आवाज येतोय का?"

"नाही रे. छान आहे. फारच छान." मग त्याच्याकडे वळून म्हणाले, "ऊठ. इकडे ये. आता तू चालव."

भिंतफोड्याचा चेहरा उतरला. "मी? तुमच्यासमोर? अहो, दुकानात चालवतो ते वेगळं. इथे तुमच्या पायाखाली ब्रेक नाहीये!"

"माहीत आहे."

"आणि मी लॉन्ड्रीवाल्याची..."

"इथे लॉन्ड्री नाही. बस."

जागा बदलल्या. भिंतफोड्याने गाडी सुरू केली. दोन सीटांच्या फटीतून मला भाऊजींचा पाय नीट दिसत होता. टाच टेकलेली, चवडा उचललेला, तयारीत. गाडीने वेग घेतला. पुढे एक वळण होतं, आणि त्या वळणावरून अचानक एक लाकडं लादलेला ट्रक रस्त्याच्या मधोमध आला.

"आरसा, क्लच, गिअर," समोरून पुटपुटल्यासारखा आवाज आला. भिंतफोड्या बोलत होता, स्वतःशीच. पन्नाशीला टेकलेला, चष्मा लावलेला माणूस पहिल्या दिवशी शिकलेलं पाठ म्हणत होता. गाडी मऊपणे हळू झाली, कडेला सरकली, ट्रकला वाट देऊन परत आपल्या जागी आली. मला धक्कासुद्धा जाणवला नाही.

मी खाली बघितलं. भाऊजींचा चवडा दाबला गेलाच नव्हता. थोड्या वेळाने त्यांनी तो पाय उचलला आणि दुसऱ्या पायावर आडवा टाकला. गाडीत पायावर पाय टाकून बसलेले भाऊजी मी जन्मात पाहिले नव्हते. हात पोटावर बांधून ते काचेतून बाहेर बघत होते. बागेत बाकावर बसावं तसे.

दुकानाशी आल्यावर भिंतफोड्या म्हणाला, "मग मास्तर, कागद करायला घेऊ?"

"नको."

"दुसऱ्याला जाईल हो!"

"जाऊ दे. फक्त त्याच्या दारात पोचवायला तू स्वतः चालवत जा. दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नकोस."

भिंतफोड्या चष्मा काढून शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसत राहिला.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. "कुठे आहे?"

"नाही घेतली."

"का? आवडली नाही? मोठं झाल्यावर आवडत नाही का?"

"आवडली ना आई. खोटं कशाला बोलू? चालवायला खूप मजा आली. तिसऱ्या गिअरपर्यंत तर फारच आली." भाऊजी चपला काढत म्हणाले. "मग वाटायला लागलं, शेजारी कुणीतरी चुका करत बसलेलं हवं होतं."

"म्हणजे हा असाच राहणार!" सासूबाई मला म्हणाल्या. कपाळावर हात मारला खरा, पण शेजारच्या बाई काहीतरी मागायला आल्या तेव्हा त्यांना उंबऱ्यातच ऐकवलं, "ज्याने भिंत पाडली होती ना, त्याला आमच्या ह्याने कसा तयार केलाय, विचारा सुनेला!" आणि मग सुनेला, म्हणजे मला, ट्रकची गोष्ट तीन वेळा सांगावी लागली. तिसऱ्या वेळी ट्रक बराच मोठा झाला होता. ह्यांनी सुद्धा पेपर बाजूला ठेवून ऐकली.

नवी शिकवणीची गाडी आली. करड्या रंगाची, साधी, शेजारच्या सीटखाली जादा ब्रेक बसवलेली. पहिल्या धड्याला मी मागे बसले होते, मला बाजारात उतरायचं होतं म्हणून. विद्यार्थिनी म्हणजे आमच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या बाई. स्टिअरिंग असं धरलेलं की बोटं पांढरी पडलेली.

"लहानपणी कोणती गाडी हवी होती?" भाऊजींनी विचारलं.

बाई गोंधळल्या. मग हसल्या. "दुधाची. बाटल्या वाजायच्या ना तिच्यात." हात सैल पडले. "आणि मास्तर, तुमची?"

मी मागे कान टवकारले.

"पिवळी," भाऊजी म्हणाले. "दोन दारांची. माझ्या विद्यार्थ्याने चालवली. मी शेजारी बसलो होतो, पायाखाली ब्रेक नसताना."

त्यांनी किल्ली बाईंच्या हातात दिली. बाईंनी धाडकन क्लच सोडला, गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली.

"शाब्बास," भाऊजी सीटवर नीट टेकत म्हणाले. "आता पुन्हा."