कापसाच्या खोलीतील नात

आमची नात पंधरा महिन्यांची झाली तरी उभी राहत नव्हती. सुनेने मोबाइलवर काहीबाही वाचून धसका घेतला होता. अखेर मी दोघींना घेऊन बाळापूरहून अकोल्याला बालरोगतज्ज्ञांकडे गेलो.

डॉक्टरांनी मुलीचे पाय आणि कंबर नीट तपासली. मग त्यांनी विचारले, "दिवसभर खेळते कुठी पोरगी?"

"कापसावर," मी म्हणालो. भाव वाढेपर्यंत आम्ही कापूस घराच्या पुढच्या खोलीत भरून ठेवतो. त्यावर चादर अंथरून मुलीला सोडले की ती पडली तरी लागत नाही, अशी घरातील सर्वांचीच समजूत होती.

"काकाजी, तुमीच कापसावर उभे राहून पाहा बरं! पाय रोवायले खाली कडक काही लागते का नाही? पोरगी ठणठणीत आहे."

सून हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

दुसऱ्या दिवशी मी कापूस विकायला काढला. मुलगा म्हणाला, "बाबा, थांबा न थोडं. भाव वाढून राहिला."

"तुई पोरगी उभी राहाची आहे. गाडी बोलाव."

फरशी मोकळी झाली. मुलगी पडली, रडली. उचलायचे नाही, अशी मी सर्वांना सक्त ताकीद दिली होती. काही दिवसांनी ती दाराची चौकट धरून उभी राहू लागली. पुढे एका सकाळी तिने चौकट सोडली आणि ती डुलत स्वयंपाकघरात आईकडे चालत गेली. सुनेने पिठाच्या हातांनीच तिला उचलून घेतले.