नानांनी न उघडलेला कॉम्प्युटर

दुकानात कुणी बंद पडलेला कॉम्प्युटर आणला, की नाना आधी आणणाऱ्याला स्टुलावर बसवायचे, पाण्याचा ग्लास हातात द्यायचे, आणि मग त्यातली डिस्क बाहेर काढून, वायर जोडून, तळहातावर ठेवून डोळे मिटायचे. समोरचा व्यापारी घायकुतीला यायचा. “नानाकाका, चालू थई जशे ने?” चालू होईल ना, असं गुजरातीत तीनदा विचारलं तरी यांचे डोळे मिटलेलेच. वीस वर्षं पॉवरलूमवर काढलेला माणूस, खटखटीनं कान अधू झालेले. डिस्क आतून कुरकुरते आहे का हे त्यांना ऐकू यायचं नाही, हाताला कळायचं. मग डोळे उघडून म्हणायचे, “जीव शे अजून.” म्हणजे जीव आहे. अहिराणी त्यांच्या तोंडून गेली नाही, सुरतेत चाळीस वर्षं राहूनही.

मी त्यांच्याकडे कामाला लागले तेव्हा मला वाटायचं आपल्याला सगळं येतं. अमरावतीला कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, आणि तोंड पहिल्यापासून फटकळ. आठवड्याच्या आत एका एम्ब्रॉयडरीवाल्याचा कॉम्प्युटर आला. विंडोज सुरूच होत नव्हतं. स्क्रीनवर कंपनीकडून आला तसा करून देण्याचा पर्याय दिसत होता. मी म्हटलं, दाबते, दहा मिनिटांत विषय संपला. नानांनी माझं मनगट धरलं.

“काय करस माय? साड्यांची सगळी डिझाइनं आत आहेत त्याची. ती कोण आणून देणार, तू?”

मी हात मागे घेतला. त्यांनी डिस्क काढली, दुसऱ्या मशीनला जोडली आणि सबंध डिस्कची इमेज घ्यायला लावली. इमेज म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, एका मोठ्या फाइलीत बांधलेली. “आधी जसंच्या तसं उतरवून घे,” ते म्हणाले, “मग तुझं काय शहाणपण असेल ते कर.” हे वाक्य पुढं मी इतक्या वेळा ऐकलं की झोपेत बडबडायचे म्हणून घरचे सांगतात.

त्यांचा दुसरा हट्ट बिननावाच्या तुकड्यांचा. डिस्कवर आपल्याला सी ड्राइव्ह दिसतो, पण तिथंच दोन छोटे भाग असतात, नाव नाही, अक्षर नाही. एक मशीन जागं करतो, दुसरा ते बिघडलं तर मूळ पदावर आणतो. लोकांना वाटतं फुकटची जागा अडली आहे, आणि ते उडवून मोकळे होतात. असा कुणी आला की नाना चिडायचे. “दिसत नाही म्हणून कामाचं नाही? अरे, तुझं काळीज तरी दिसतं का तुला?”

दुकानाच्या मागच्या बाजूला एक जुना कॉम्प्युटर होता. भरतकामाचं आवरण घातलेला, रोज पुसलेला, कधीच चालू नसलेला. मी एकदा म्हटलं, नाना, भंगारात देऊ का? त्या दिवशी त्यांनी डबा तसाच परत घरी नेला. शेजारच्या चहावाल्यानं मग मला सांगितलं. तो कॉम्प्युटर त्यांच्या मुलीचा, कविताचा. बायको लवकर गेली, मुलीला नानांनीच वाढवलं. तिनं सुरतेजवळच्या हजिऱ्यातल्या एका कारखान्यात कामाला असलेल्या मुलाशी आपल्या मनानं लग्न ठरवलं. पोरगा आपल्यातला नाही म्हणून नाना तिला नको ते बोलले, पुन्हा दारात उभी राहू नको म्हणाले. ती नवऱ्याबरोबर भरूचला गेली. दोन तासांचा रस्ता, पण ना हे गेले ना ती आली. हट्टी बापाची हट्टी लेक, दुसरं काय.

त्या कॉम्प्युटरला पासवर्ड होता. आता सांगा, जो माणूस आख्ख्या बाजारातले विसरलेले पासवर्ड पेनड्राइव्ह लावून चहा संपायच्या आत काढून द्यायचा, त्याला हे अवघड होतं? मी एकदा धीर करून विचारलंच. “नाना, आत तिची काही चिठ्ठी असेल, काही लिहिलेलं असेल. बघावंसं नाही वाटत?”

“वाटतं ना. रोज वाटतं.” ते कितीतरी वेळ स्क्रू चाचपत बसले. “पण ते तिनं शे. तिलेच उघडू दे. येईल ती.” तिनं शे, म्हणजे तिचं आहे.

मात्र दर दिवाळीआधी दुकानाची साफसफाई झाली, की त्या डिस्कची नवी इमेज घ्यायची हा नेम. डिस्क म्हातारी होते, उद्या ती आली आणि चालूच झालं नाही तर? इमेज पूर्ण झाली की ती तपासायची, मग आवरण पुन्हा घालायचं. त्या दिवशी ते कुणाशीच धड बोलायचे नाहीत, आणि मीही त्या दिवशी तोंड आवरायचे.

गेल्या दिवाळीला त्यांना दम लागायचा, खुर्चीतून उठवेना. म्हणाले, यंदा तू कर. इमेज ठेवायची बाहेरची डिस्क भरत आली होती. मी काय केलं, स्क्रीनवर त्या दोन बिननावाच्या तुकड्यांपुढची निवडीची खूण काढली आणि नुसता सी ड्राइव्ह उतरवला. जुनी इमेज पुसून नवी तिच्या जागी ठेवली. इतकी वर्षं ऐकून ऐकून शेवटी मीच तो मूर्खपणा केला. त्यांनी विचारलं, “समदं घेतलं ना?” मी म्हटलं, हो.

नाना उन्हाळ्यात गेले. कविता दहाव्याला आली. चेहऱ्यावर नानांचंच नाक, तीच जाड भुवई. बाराव्यानंतर ती दुकानात आली आणि ते आवरण बघून तिथंच थबकली. “हा अजून आहे?” म्हणाली. मी वायर लावली. डिस्क तळहातावर घेतली तर नुसते ठोके, टक, टक. डिस्क संपली होती. मी म्हटलं, घाबरू नको, इमेज आहे. नवी डिस्क घातली, इमेज परत उतरवली, बटण दाबलं. काळी स्क्रीन. मशीन जागं करणारा तुकडा मी घेतलाच नव्हता ना! ती पोर माझ्याकडे बघते आहे आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालेलं. नाना असते तर ओरडले असते, आणि ते ओरडणं त्या क्षणी मला इतकं हवंसं वाटलं की रडू आलं. मग विंडोजची पेनड्राइव्ह लावली, त्यांनी शिकवलं होतं तसं चालू होण्याच्या फायली हातानं नव्यानं लिहिल्या. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा पासवर्ड विचारणारा निळा पडदा आला आणि त्यावर तिचं नाव.

कवितानं पासवर्ड टाकला. चूक. पुन्हा टाकला. चूक. “आठवत नाही हो ताई. तुम्हाला उघडता येतं ना? उघडा.”

तिनं सांगितलं म्हणून उघडलं. आत कॉलेजचा एक प्रोजेक्ट, मेंदीच्या नक्ष्या, थोडी गाणी, नोकरीचा अर्धवट अर्ज. बस. चिठ्ठी नाही, फोटो नाही, बापासाठी एक ओळ नाही.

ती बराच वेळ त्या फायलींवरून माउस फिरवत राहिली. “नानांनी बघितलं नाही कधी?”

“नाही. पण दर वर्षी जपून ठेवलं. तू येशील म्हणून.”

“मला वाटलं होतं, मी गेले त्याच दिवशी त्यांनी हे पुसून कुणाला तरी देऊन टाकलं असेल,” ती म्हणाली. “म्हणून मी फोन केला नाही.”