फरशीवरची वाट

संगणकासारखा पायरीपायरीनं विचार करायला पडद्याशिवायही शिकवता येतं असं वाचलं, म्हणून बेळगावच्या आमच्या स्वयंपाकघरात मी खेळ मांडला. फरश्यांवर वाट्या उपड्या ठेवायच्या. सहा वर्षांच्या लेकीनं त्या चुकवत गोड कुंद्याच्या बशीपर्यंत जायचं, पण प्रत्येक पाऊल आधी मोठ्यानं सांगून. महिन्याभरात तिच्या चुका जवळजवळ थांबल्या. मी ऑफिसात सांगत सुटलो.

रविवारी भाकरी थापताना बायको म्हणाली, “ती फरशी बघतच न्हाय. ‘डावीकडं’ म्हणते, तुमची भुवई चढली की ‘उजवीकडं’ करते. लई हुशार हाय, पण तुमचं तोंड वाचण्यात.”

मला पटलं नाही. मी भिंतीकडं तोंड करून बसलो आणि लेकीला सुरू कर म्हटलं.

“अण्णा, इकडं बघा की.”

“तूच सांग गं.”

“पुढं?” मी भिंतीकडंच बघत राहिलो. “मग डावीकडं?”

वाट्या कालच्याच जागी होत्या, तरी एकही पाऊल वाजलं नाही. मी विचार करायला शिकवत होतो, आणि ती माझी मर्जी राखायला शिकली होती. थोड्या वेळानं ती हळूच रडायला लागली. आता वळावं की नाही, हे मलाही ठरवता येईना.