जावयाला आली भोवळ

मराठीत डोकं गरगरण्याला घेरी, चक्कर आणि भोवळ असे तीन शब्द आहेत. मी वर्गात मुलांना सांगतो, घेरी आली तर माणूस उभा राहू शकतो, चक्कर आली की खाली बसतो आणि भोवळ आली की थेट आडवा होतो. (हा फरक कुठल्याही कोशात सापडायचा नाही. मी तो सासुरवाडीत अंगमेहनतीने मिळवला आहे!)

तेव्हा आम्ही महाडला भाड्याने राहायचो. सावित्रीला पूर आला की गाद्या माळ्यावर आणि आम्ही गाद्यांवर! माझ्या सासऱ्यांची पोलादपूरच्या वरच्या अंगाला रस्त्यालगत एक जागा होती, चांगली उंचावर. ती लेक-जावयाला घरासाठी द्यावी असं त्यांच्या मनात होतं. पण त्यांच्या वाडीत देवाला विचारल्याशिवाय कुणी शेळीसुद्धा विकत नाही.

"शिमग्याला पालखी दारात आली का देवाला इचारू," सासरे म्हणाले. "देव हो बोलला का जागा तुमची."

म्हटलं, देवाला आधीच खूश करून ठेवावं. पालखी अंगणात आली आणि मी खांदा पुढे केला.

"अहो, जत्रेतल्या पाळण्यात तुम्हाला बसवत नाही!" माझी बायको सुलभा कानाशी कुजबुजली.

"पालखीत बसायचं नाहीये, उचलायचीय," मी ऐटीत म्हणालो.

खालूबाजा सुरू झाला. पुढचा दांडा माझ्या खांद्यावर, मागचा माझ्या मेव्हण्याच्या, दिनूच्या. दिनू मुंबईत नोकरी करतो, पण पालखी नाचवायला न चुकता गावी येतो.

"दाजी, टेन्शन नाय घ्यायचं. फक्त गोल फिरायचं!" असं म्हणून तो जो फिरला!

पहिल्या गिरकीत घेरी आली. दुसरीत मला दोन सासरे दिसू लागले (एकच पुरेसे होते!). मग तुळस, ढोलवाला, समोरचा गोठा, सगळं माझ्याभोवती फेर धरून नाचू लागलं. तोंडातून "हूंऽऽ हूंऽऽ" असा आवाज निघाला. कुणीतरी झटकन पालखी सावरली आणि मी झुलत झुलत, डोळे पांढरे करत तुळशीपाशी आडवा झालो.

बाजा थांबला. आता कुणीतरी पाणी आणेल, असं मला वाटलं.

"देव आला गोऽऽ! जावयबापूंच्या अंगात देव आला!" सासूबाई ओरडल्या.

झालं! कपाळभर कुंकू, गळ्यात हार, सगळी वाडी हात जोडून उभी! खरा प्रकार फक्त सुलभाला कळला होता. ती फोडलेला कांदा घेऊन धावत आली आणि तिने तो माझ्या नाकात जवळजवळ कोंबलाच. नेमके तेव्हाच सासरे समोर गुडघ्यावर बसले होते.

"देवा, वरची जागा लेक-जावयाला देऊ का?"

प्रश्न माझ्या कानापर्यंत पोचलाच नाही. कांदा मात्र मेंदूपर्यंत पोचला.

"नको! नको, नको! लांब न्या!" मी किंचाळलो.

"मंग कुणाला देऊ, देवा?"

मी उठायला गेलो, पुन्हा गरगरलं, आणि आधाराला जे हाताशी आलं ते घट्ट धरलं. तो दिनूचा पाय होता.

"देवानं दावलंन!" सासऱ्यांनी जमिनीला डोकं टेकलं.

दुसऱ्या दिवशी मी परोपरीने समजावलं, "मामा, ती भोवळ होती हो!"

"गुरुजी, देव अंगातून गेला का माणसाला काय आठवत नाय," ते शांतपणे म्हणाले.

आज त्या जागेवर दिनूचं दुमजली घर आहे. दर शिमग्याला तो मला वाकून नमस्कार करतो आणि हळूच म्हणतो, "दाजी, बाजूची जागा पण अजून पप्पांच्याच नावावर हाय. यंदा घेणार ना पालखी?"

मी जीव तोडून "नको, नको" म्हणतो. पण शुद्धीवर असताना माझं त्या घरात ऐकतंय कोण!