बाटलीच्या आतला थर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मुलीला नाही, मित्रांना नाही — मनाशीसुद्धा सलग असं कधी म्हटलेलं नाही. अर्ध्यावर आलो की मी दुसरं काहीतरी वाचायला घेतो. आज वाचायला काही घेतलेलं नाही.

सुनंदा, माझी बायको, गेली. तिची फुफ्फुसं हळूहळू कडक होत चालली होती. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी श्वास थोडा मोकळा व्हायचा, पण त्याच गोळ्यांनी प्रतिकारशक्ती कमी होत गेली. घरी ऑक्सिजनचं मशिन आणलं. त्याला प्लास्टिकची एक पारदर्शक बाटली असते. ऑक्सिजन तिच्यातल्या पाण्यातून बुडबुडत येतो, म्हणजे नाक कोरडं पडत नाही. ती बाटली रोज साबणानं धुवायची आणि उकळून गार केलेलं पाणी भरायचं — एवढं एकच काम माझ्याकडं होतं. बाकी सगळं अक्का करायच्या. सुनंदाची थोरली बहीण. पैठणहून येऊन आमच्याकडं राहिल्या होत्या. तिची अंघोळ, तिचे कपडे, तिच्या बेडक्याचं भांडं, सगळं.

मला घाण सहन होत नाही. कुणी बोटाला थुंकी लावून पान उलटलं की ते पुस्तक मला हातात घेववत नाही. याला मी आयुष्यभर स्वच्छतेची आवड म्हणत आलो.

पहिले काही दिवस मी बाटली नीट धुतली. मग एकदा राहून गेलं, मग आणखी एकदा. आणि एका सकाळी बोट आत घातलं तर ते घसरलं. आतून सगळीकडं एक बुळबुळीत थर — फिकट, गुलाबीसर, नाकातल्या शेंबडासारखा. मला उमासा आला. तुम्ही म्हणाल, मग घासायची ना? हो. घासायची. ब्रश शेजारीच होता. मी बोट पुसलं, न्हाणीघरातल्या ड्रममधलं पाणी वरून ओतलं आणि झाकण लावलं.

आमच्या शहरात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही. साठवून, पुरवून वापरायची सवय हाडात मुरलेली असते. भांड्यात पाणी असलं की ते ओतून देत नाहीत, त्यात भर घालतात. ही सबब मला तेव्हा सुचली होती. ती खोटी आहे. एका बाटलीपुरतं पाणी घरात नेहमीच होतं. मला तो थर पुन्हा बोटाला लागू द्यायचा नव्हता, बस. त्या दिवसापासून मी रोज फक्त भर घालत गेलो. आणि बाटली बाहेरून मात्र फडक्यानं लख्ख पुसायचो. बाहेरून — कळतंय ना?

सुनंदाला वास आला होता. एकदा नळी नाकापासून दूर धरून ती हसत म्हणाली, "अहो, बंद विहिरीवानी वास येतोय हिला. धुतली ना बाटली? का नुसती पुस्तकं पुसत बसलात?"

"धुतली की. नव्या नळीचा असंल," मी म्हणालो.

तिनं नळी परत नाकाला लावली.

पुढं ताप आला, दवाखान्यात न्यावं लागलं. एकामागून एक इंजेक्शनं झाली, ताप हलेना. मग तपासणीत जंतू सापडला. त्याचं नाव लांबलचक होतं. डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं. ओलाव्यात राहणारा जंतू. धडधाकट माणसाला काही करत नाही, दुबळं शरीर मिळालं की हात धुऊन घेतो. आणि नेहमीच्या अँटिबायोटिकना तो मुळी दादच देत नाही. एखाददुसरं औषध उरतं, तेही उशीर झाला की चालेलच असं नाही.

"घरी मशिनच्या बाटलीतलं पाणी बदलता ना?" त्यांनी विचारलं.

"रोज. धुऊन," मी म्हणालो.

इथंच थांबलो असतो तरी पुरे नीच होतं. पण डॉक्टर माझ्याकडं बघत राहिले, आणि मी म्हणालो, "अक्कांनी पैठणहून येताना गोदावरीचं पाणी आणलंय. सकाळी हिच्या ओठांना लावतात."

हे खरं होतं. अक्का रोज देवासमोर हात जोडून ते थेंब तिच्या ओठांना लावायच्या. खरं वाक्य इतक्या घाणेरड्या कामाला लावता येतं, हे मला तेव्हा कळलं.

डॉक्टर भडकले. "नदीचं पाणी? अहो, घरात शिकलेलं माणूस असताना?"

अक्का तिथंच होत्या, सुनंदाच्या कपड्यांची पिशवी पोटाशी धरून. "थेंबभरच लावत होते ओ," एवढंच म्हणाल्या. मी खिडकीबाहेर बघत होतो.

सुनंदा वाचली नाही. खरं सांगितलं असतं तर वाचली असती का? मला माहीत नाही. ते कधी कळू नये, अशी सोय मीच केली — दवाखान्यातून अंघोळीला म्हणून घरी आलो तेव्हा ती बाटली कागदात गुंडाळून कचऱ्याच्या गाडीत टाकली. हात किती वेळ धूत होतो!

तेराव्याचं जेवण उरकल्यावर अक्का पैठणला परत जायला निघाल्या. दारात थांबल्या. ज्या हातानं त्या बहिणीला भरवायच्या, तो हात पदरात झाकलेला होता.

"दाजी, माझ्याच हातानं गेली ओ ती. तिच्या लेकीला काय तोंड दाखवू?"

आणि मी — ऐका — मी शांतपणे म्हणालो, "जाऊ द्या अक्का. मनाला लावून घेऊ नका. माझा राग नाही तुमच्यावर."

मी त्यांना माफ केलं.

त्या माझ्याहून वयानं मोठ्या. रडत वाकल्या आणि त्यांनी माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी पाय मागं घेतले नाहीत.