प्रस्तावनेवाले गुरुजी

आमच्या शाळेतले विज्ञानाचे गुरुजी वर गेल्यावर चित्रगुप्तालाही आधी दोन प्रश्न विचारतील आणि मगच आत पाऊल टाकतील, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पाठाची सुरुवात प्रस्तावनेनं करावी, प्रश्न विचारत विचारत मुलांना विषयाच्या दारात आणून सोडावं, हे आम्हा सगळ्याच मास्तरांना ट्रेनिंगला शिकवलं होतं. आम्ही ते परीक्षेपुरतं केलं आणि सोडून दिलं. गुरुजींनी मात्र त्याचं जन्माचं व्रत केलं. जलचक्र शिकवायचं म्हणून एकदा त्यांनी वर्गात रिकामी घागर आणली. "हिच्यात काय हाय?" "काहीच न्हाई गुर्जी!" "मग वाजवून बघा." पोरांनी ती अशी बडवली की शेजारचा वर्ग उठून खिडकीशी आला. तास संपला आणि जलचक्र पुस्तकातच राहिलं. पण त्या वर्षी दुष्काळ होता, तरी आईबापांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जाणारी पोरंसुद्धा गुरुजींच्या तासाची सुरुवात तेवढी बघायला येत आणि मग कामावर पळत. माझ्या तासाला असं कुणी धावत आल्याचं मला आठवत नाही.

गुरुजी एकटेच होते. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. देवळामागच्या एका खोलीत राहायचे. संध्याकाळ झाली की ती खोली त्यांना खायला उठे आणि ते आमच्याकडे येत. पण 'भूक लागलीय' किंवा 'करमत न्हाई' हे शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाले नाहीत. उंबऱ्यात उभे राहून खाकरायचे आणि विचारायचे, "वहिनी, ज्वारी दळली की काय होतं?"

"पीठ."

"अन् पिठाचं?"

"गुर्जी, हात धुवा. ताट वाढलंय," आमची ही म्हणायची. प्रस्तावना अर्ध्यात तोडल्याचा त्यांना जरा रागच यायचा, पण हात धुवायचे.

अशात उस्मानाबादमधून फुटून लातूर वेगळा जिल्हा झाला. पेढे वाटून झाले आणि मागोमाग मास्तरांचीही वाटणी झाली. गुरुजी उस्मानाबादच्या वाट्याला गेले, पार परंड्याकडच्या गावात. तिथं त्यांच्या ओळखीचं कुत्रंही नव्हतं. मी त्यांना लातूरला, बदल्या बघणाऱ्या साहेबांकडे घेऊन गेलो. एसटीत त्यांच्याकडून घोकून घेतलं, "सरळ म्हणायचं, मला इथंच ठेवा. बास." "हाव, हाव," गुरुजी म्हणाले. साहेबांपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, म्हातारा बैल उचलून परक्या गोठ्यात बांधला, तर काय होतं?"

साहेबांनी मानही वर केली नाही. "जनावरांच्या छावणीचं काम पलीकडच्या खोलीत. पुढचा!"

मी घाईघाईनं सगळं सांगू लागलो, तर साहेब म्हणाले, "ज्यांचं हाय त्यांना बोलू द्या." मी गुरुजींना कोपरानं ढोसलं. गुरुजींनी दुसरा प्रश्न काढला.

निघायच्या दिवशी आम्ही दोघं त्यांना सोडायला फाट्यावर गेलो. हिनं भाकरी-ठेचा बांधून दिला होता. एसटी दिसली तसे गुरुजी हिच्याकडे वळले. ही सवयीनं उत्तराच्या तयारीत उभी. पण गुरुजींनी काही विचारलंच नाही.

"वहिनी, मला जायचं न्हाई," ते म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा ते सरळ बोलले होते. एसटी त्यांना घेऊन गेली. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

अजूनही संध्याकाळी उंबऱ्यात कुणी खाकरलं की ही चुलीपुढूनच "पीठ!" म्हणते. आलेला शेजारी गोंधळून माझ्याकडे बघतो. त्याला सांगावंसं वाटतं, पण सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही.